सशिणीचा माच

नदीकाठच्या काळ्या रानात, बोरीच्या जाळीखाली, एक सशीण राहत असे. मुलांनो, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. मागच्या उन्हाळ्यात सशिणीचे एक पिल्लू अशाच भेगेत पडले, ते पुन्हा सापडलेच नाही. यंदा तिला पुन्हा पिल्ले होणार होती. म्हणून थंडी असतानाच तिने जाळीपुढे, जमिनीपासून वीतभर उंच, लाकडी माच बांधायचे ठरवले आणि कामाला साळिंदराला बोलावले. ते पाहून शेजारच्या माकडानेही माच बांधायला घेतला.

माकडाने गवतातच खांब ठोकले, वर फांद्या पसरल्या आणि संध्याकाळी त्यावर लोळत ते शेंगा खाऊ लागले. साळिंदर मात्र गवत मुळासकट काढून नुसते खणत होते. "काय गं सशे, माच म्हणालीस आणि विहीर काढतेस होय?" माकड म्हणाले. "पाणी लागलं की सांग, आंघोळीला येतो." सशीण ओशाळली. खड्ड्याशी जाऊन तिने हळूच विचारले, "साळिंदरदादा, जमीन तर केव्हाच लागली. आता आणखी काय शोधता?"

"ही जमीन नव्हे बाई, ही नुसती माती," खालून आवाज आला. "जमीन अजून लागायचीय." दुसऱ्या दिवशी त्याने तिला हाक मारली. सशीण खाली उतरली. काळ्या मातीखाली पिवळी माती होती आणि तिच्याखाली तांबूस, टणक मुरूम. त्यावर तिने पाय आपटला. तो जराही रुतला नाही. जन्मभर जिच्यावरून ती धावली, तिच्या पोटात असे काही असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. मग ती आपणहून नदीतले चपटे दगड ढकलत आणू लागली. मुरमावर दगड बसला, दगडावर खांब, आणि भोवती मुरूम ठासला गेला.

उन्हाळ्यात पिल्ले झाली आणि रान तडकले. माकडाचे खांब पडायला आलेल्या दातांसारखे हलू लागले आणि एका दुपारी खांबाखालीच भेग पडून माच माकडासकट कलंडला. तीच भेग वाढत वाढत सशिणीच्या माचाखाली आली. सशिणीने पिल्ले पोटाशी घेतली आणि ती खाली डोकावली. खोल, अंधुक उजेडात तिचा चपटा दगड दिसत होता. तो मुरमावर होता तसाच बसला होता.

माकड लंगडत आले. "सशे," ते खालच्या मानेने म्हणाले, "तुझ्या विहिरीला शेवटी लागलं तरी काय?"

"जमीन," सशीण म्हणाली, आणि तिने त्याला बसायला जागा करून दिली.

तात्पर्य : पायाखाली असते ती सगळीच जमीन नसते, काही उभारायचे असेल, तर खरी जमीन लागेपर्यंत खणत राहावे.