वाकळीचा पीळ

“मग माझं चुकलं कुठं, आक्का?”

हिरण्यकेशीच्या घाटावर चंद्राक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून वाकळ तुडवत होती. घट बसायला आलेले. गावोगाव दसरा काढायचे दिवस, म्हणजे घरातलं झाडून सारं अंथरूण-पांघरूण नदीवर.

मंदाकिनीने पुन्हा विचारलं. उत्तराशिवाय परत जायची तिला सवय नव्हती. तालुक्याच्या सल्ला केंद्रात तिच्यासारखी बाई नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायच्या आधी तीही म्हणायची. भांडणं मिटवण्याची बाराखडी ती आक्काच्या महिला मंडळात शिकली, मग कोल्हापूरला जाऊन पदवी घेतली. आता आक्का घाटावरच्या मठीत राहते, आणि मंदाकिनी खुर्चीत बसते.

पण ईश्वरा कुंभाराच्या घरापाशी तिची विद्या अडली होती. बाप आणि ल्योक सर्जेराव एका छपराखाली राहत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. आज दुपारी म्हातारा वृद्धाश्रमात निघायचा होता. गाडी मंदाकिनीनेच ठरवली होती. त्या गाडीनंच तिला आज आक्काकडे आणलं होतं.

“म्हाताऱ्याची बायको हौसाबाई गेल्यापासून हे असं आहे,” ती म्हणाली.

“त्या आधी बोलत हुते?”

मंदाकिनी थांबली. “आधी… तिच्यातर्फे बोलायचे.”

“आणि आता?”

“आता माझ्यातर्फे. दोघंही माझ्याशी इतकं छान बोलतात, आक्का! याचं मी त्याला सांगते, त्याचं याला. आणि आहे तसं नाही सांगत हं. रागाचा काटा काढते, शब्द धुऊनपुसून घेते, मगच पोचवते.”

“काटा काढलेला मासा,” आक्का म्हणाली, “पवताना बघितलास कधी?”

मंदाकिनीला राग आला. आक्काचं हे जुनंच. विचारावं एक आणि हिनं मासळीबाजार मांडावा.

“मी त्या दोघांना बोलावलंय,” आक्का म्हणाली. “घरातली सगळ्यात जड वाकळ घिऊन या म्हणून निरोप धाडलाय.”

“इथं? घाटावर? अहो, असल्या गोष्टींना शांत खोली लागते…”

आक्का नुसती हसली. दात नव्हते, तरी ते हसणं चावलं.

आले दोघं. पुढे ईश्वरा, चिखलानं आयुष्यभर पांढरी पडलेली बोटं धोतराला पुसत. मागे सर्जेराव, डोक्यावर वाकळीचं गाठोडं. ती हौसाबाईची वाकळ. तिचीच जुनी लुगडी एकावर एक घालून, तिनंच टाके घातलेली. दर दसऱ्याला ती शेजारणीला हाताशी घेऊन धुवायची. या घरातल्या बाप्यांनी त्या वाकळीखाली झोपण्यापलीकडे तिला कधी हात लावला नव्हता.

“तुडवा,” आक्का म्हणाली.

तुडवली. पाणी पिऊन वाकळ म्हशीएवढी जड झाली.

“आता पिळा.”

दोघांनी एकेक टोक धरलं. समोरासमोर उभं राहायलाच लागलं. वाकळ पिळायची तर दुसरा इलाज नाही. पण नजरा दोघांच्याही नदीत. एकानं फिरवली, दुसऱ्यानं त्याच अंगाला फिरवली. वाकळ नुसती लोळली. पाण्याचा थेंब गळला नाही.

ईश्वरानं सवयीनं मान वळवली. “बाई, याला सांगा, उलट फिरव म्हणावं.”

मंदाकिनीनं तोंड उघडलं.

“बाई भैरी झालीया,” आक्का म्हणाली. “आज सकाळपास्नं.”

“मग त्यांना म्हणावं, तुमीच…” सर्जेराव आक्काकडं वळला.

“मी तर कवाची भैरी हाय.”

घाटावरच्या बायका फिसकन हसल्या. वाकळ मधोमध खाली झुकली, पायरीला टेकायला आली. मंदाकिनीला राहवेना. ती धावली आणि दोन्ही हातांनी मधला भाग उचलून धरला. तिला वाटलं, झाली मदत. दोन्हीकडून पीळ आला आणि तिच्या हातांपाशी येऊन अडला. सगळं पाणी तिच्या अंगावर… ओढणी, बाह्या, चपला, सगळं चिंब.

“सोड,” आक्का म्हणाली.

“पडेल की खाली!”

“सोड गं.”

तिनं सोडली. वाकळ धपकन खाली गेली, आणि म्हातारा ओझ्यानं पुढं ओढला गेला.

“आबा, शेवाळ हाय! पाय घट करा!” सर्जेराव ओरडला.

घाटावरच्या बायकांनी माना वळवल्या.

“मला शिकवू नगंस,” ईश्वरा म्हणाला. आवाज घोगरा होता, पण तोंड मुलाकडं होतं. “तू ताणून धर. ढिल्ला धरतोस.”

“मी ढिल्ला? तुमच्या मनगटात जोर हाय का? सकाळपास्नं पोटात काय न्हाई, जोर कुठनं यायचा!”

“मी जेवतो का न जेवतो, तुला काय त्याचं? आश्रमात जावा म्हणालास न्हवं? गोड बोलून!”

“गोड? कोण गोड बोललं?”

“‘तिथं तुमच्या तब्येतीची योग्य देखभाल होईल.’ असं म्हणालास. बाईंनी सांगितलं.”

सर्जेरावानं हातातल्या टोकाला हिसका दिला. मग तो एकदम फुटला. “मी असं म्हणंन? अवो, मी म्हणालो, आई गेल्यापास्नं म्हातारा ताटावरनं उठतोय, गोळ्या उशाखाली लपवतोय! माझ्या हातचं नरड्याखाली उतरत नसंल तर जावा म्हणावं आश्रमात, तिथं तरी कोण दटावून चार घास घालंल! मराय लागलाय आन् मला बघवत न्हाई! असं म्हणालो मी!”

मंदाकिनीला ते बोलणं आठवलं. शब्द न् शब्द खरा होता. तिनंच तो चाळणीतून गाळला होता, आणि खाली राहिलं होतं ते आश्रमाच्या पाटीवरचं वाक्य.

ईश्वरानं वाकळीचं टोक छातीशी धरलं.

“असं म्हणालास?”

“व्हय. असंच.”

“शिव्या दिल्यास?”

“दिल्या की. दोन.”

म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. कुणीतरी डोक्यावरची पाटी उतरून घ्यावी, तसे. “मग तसं सांगायचं हुतं की रे… मी म्हटलं, पोरगं परक्यावाणी बोलाय लागलं. आता ऱ्हाऊन काय करू.”

सर्जेरावानं नाक बाहीला पुसलं. “फिरवा. तुमच्या उजव्या अंगाला. मी माझ्या उजव्या.”

फिरवली. वाकळीचा दोर झाला, आणि पाणी असं सुटलं की घाटाच्या पायऱ्या वाहायला लागल्या. एकमेकांवर डाफरत, “ताण!” “ताणलंय की!” करत दोघांनी ती खडकावर पसरली. हौसाबाईचं हिरवं लुगडं उन्हात वर आलं.

रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

ईश्वरानं वाकळीवर हात फिरवला. “वाळल्याबिगर कसा जाऊ? ओली टाकून?”

“चार दिस वाळत न्हाई ती,” सर्जेराव म्हणाला. “लई जाड हाय.” आणि गाडीवाल्याला परत पाठवायला तो स्वतःच चढण चढून गेला.

मंदाकिनी थंडीनं काकडत होती, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. ती आक्काच्या शेजारी पायरीवर बसली. बरंच काही बोलायचं होतं. बापाची माफी मागायची होती, ल्योकाचीही. आणि आक्काशी थोडं भांडायचंही होतं. ते भांडण गेली कित्येक वर्षं तिनं आदरापोटी गिळलं होतं.

“आक्का, तुमचं अगदी बरोबर…”

आक्कानं तिच्या गळ्यातली भिजलेली ओढणी ओढून काढली. एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि समोर जाऊन उभी राहिली.

“गोड बोलू नगंस. धर, आन् माझ्या उलट फिरव.”