बिरूनं साइट वाचवली

एका गावात बिरू नावाचा एक भोळा घोंगडीवाला होता. इतका भोळा, की त्याला कुणी "बसा" म्हटलं तर "उठा" म्हणेपर्यंत बसून राहायचा. बायको मंजुळा घोंगड्या विणायची आणि बिरू त्यांना चिंचोक्याची खळ लावायचा. त्या कामात तो कधी चुकला नाही, कारण खळ लावताना त्याला कुणी काही सांगत नसे.

पण घोंगड्या खपेनात. माग विकून कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायला जायची वेळ मंजुळावर आली. तेवढ्यात जत्रेत तिला घाटावरच्या एका हॉटेलचे मालक भेटले. म्हणाले, "सगळ्या खोल्यांना तुमच्याच घोंगड्या घेतो. वेबसाइट काढा, तिथं माल बघतो, मग ऑर्डर देतो." मंजुळानं बिरूला लगेच तालुक्याला पिटाळलं.

तिथल्या कॉम्प्युटरवाल्या श्रीपादनं समजावलं, "साइटला इंटरनेटवर जागा लागते. फुकट मिळते, नाहीतर भाड्यानं. माझं ऐकाल तर भाड्याची घ्या."

"फुकट असताना भाडं कोण भरंल?" बिरू म्हणाला आणि फुकटची जागा घेऊन घरी आला.

मंजुळानं साइटचा पत्ता हॉटेलच्या मालकांना कळवला आणि मग स्वतः मोबाइलवर ती उघडली. तिच्या घोंगडीच्या डोक्यावर एक रजई नाचत होती. खाली लिहिलं होतं, 'टोचणारी घोंगडी फेका, मऊ रजई घ्या.'

मंजुळाचं डोकं फिरलं. "अवो, आपल्या जागेत दुसऱ्याची जाहिरात दिसली की काढून टाकायची. एवढंबी कळत न्हाई?"

"आता कळलं," बिरू म्हणाला.

दुपारी मंजुळाचा भाऊ संपत आला. त्याच्या अंगात खताच्या कंपनीनं वाटलेला टी-शर्ट होता, छातीवर हे एवढं पोतं छापलेलं. तो ओसरीवर टेकतो न टेकतो तोच बिरूनं टी-शर्ट त्याच्या डोक्यावरून ओढून काढला.

"दाजी, काय करताय?"

"जागा आमची हाय, पाव्हणं. जाहिरात चालायची न्हाई."

संपतला उघड्या अंगावर नवी घोंगडी घेऊन बसावं लागलं. ती टोचत होती. तेवढ्यापुरते रजईवाले खरं बोलले होते. तो न जेवताच निघून गेला. त्याच्यासाठी कोंबडं कापलं होतं, पण ते वाया गेलं नाही. बिरूनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बिरूनं श्रीपादला गाठलं. श्रीपाद म्हणाला, "अहो, ती जाहिरात काढता येत नाही. ज्याचं फुकट घ्याल, त्याची जाहिरात करावीच लागते."

"हे आधी सांगायचं," बिरू म्हणाला.

तो गावात परतला तेव्हा दौलूअण्णांच्या तेराव्याची पंगत बसत होती. बिरूही बसला. बुंदी परत परत मागून घेतली. हात धुवायला उठताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण हे सगळं फुकट खाल्लं. मग तो तिथंच उभा राहिला.

"मंडळी, अण्णांच्या घरचं तेरावं. असं तेरावं पंचक्रोशीत न्हाई. बुंदी मोकळी, आमटी झणझणीत. आज ज्यांचा लाभ हुकला त्यांनी नाराज हू नये. घरात अजून काकू हायती."

काकू आत बसून ऐकत होत्या. अण्णांच्या मुलांनी आमटीचे डाव घेऊन बिरूला शिवेपर्यंत पळवला.

मंजुळाला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. लोकरीसाठी ठेवलेले पैसे तिनं डब्यातून काढले आणि बिरूच्या हातात दिले. तिला रडू येत होतं.

"फुकटाचा नाद आता बास. भाड्याची जागा घ्या. ही ऑर्डर गेली तर माग गेला समजा."

श्रीपाद खूश झाला. "आता कसं शहाण्यासारखं केलंत. फुकटचं कधी मध्येच बंद पडेल, नेम नाही. पैसे भरले की शेवटपर्यंत काळजी नाही." त्यानं साइट नव्या जागेत, नव्या पत्त्यावर हलवली. रजई गेली, वर मंजुळाचं नाव आलं. मग त्यानं बिरूकडून पासवर्ड पाठ करून घेतला आणि बजावलं, "परका माणूस गोडगोड बोलून साइटची चौकशी करील. एक अक्षर सांगायचं नाही. तिथूनच वाटेला लावायचं."

मंजुळा ऑर्डरची वाट बघत मागावर बसली. बाजाराच्या दिवशी बिरू हसत हसत स्टँडवरून आला.

"मंजुळे, आज साइट वाचवली."

"कुणापासनं?"

"एक बुटातला माणूस आलता. गाडी घाटात बंद पडली म्हणून यष्टीनं आला म्हणं. लई गोड बोलला. मंजुळाबाईंची जुनी साइट उघडंना, नवी कुठली, म्हणाला. मी म्हटलं, कसली साइट? मग म्हणाला, बरं, घर तरी दावा, ऑर्डर द्यायचीय. मी म्हटलं, कुणाचं घर?"

मंजुळाच्या हातातला धोटा खाली पडला. "अवो, ते हाटेलाचं मालक! गेलं का?"

"निघालंच हुतं. एक ट्रॅक्टरवाला त्यास्नी घाटापातुर फुकट सोडतो म्हणत हुता. मी चढू दिलं न्हाई."

मंजुळाच्या जिवात जीव आला. ती पदर सावरत उठली. "म्हंजी अजून ष्टँडवरच हायती?"

"छ्या," बिरू म्हणाला. "फुकटचं मध्येच बंद पडतं. मी माझ्या पैशानं तिकीट काढलं, पार शेवटच्या ष्टापचं. नको नको म्हणत हुतं, पर ढकलून यष्टीत बसवलं. आता शेवटपातुर काळजी न्हाई."