नितळ तळ्याचा शाप

एका राज्यात कालधूम नावाच्या जादूगाराने भट्टी पेटवली. तिच्यात दगड टाकला की सोने निघे. राजा हिरण्यसेन त्या सोन्यापायी खुळावला.

राजपुत्र शशिकेत म्हणाला, "या धुराने ढग नासतात. भट्टी विझवा." कालधूमने त्याला तिथल्या तिथे मासा केले, तळ्यात टाकले आणि शाप दिला, "तळे मरून पुन्हा जिवंत झाले, तरच माणूस होऊन वर येशील!"

मग आंबट पाऊस पडू लागला. बेडूक मुके झाले, ओढे ओस पडले. तळे मात्र तळापर्यंत नितळ झाले आणि लोक त्याला पवित्र मानून ओवाळू लागले. काय म्हणावे या अकलेला! नितळ होते, कारण आत कोणी जगतच नव्हते. उरला होता एकच मासा, राजकन्या मंदारमालेचा भाऊ.

काठावर उपाशी खंड्या पक्षी बसला होता. तो तिला म्हणाला, "राजकन्ये, भट्टी विझव. तळ्याला चुना पाज. आणि पाणी हिरवे होईतो भावाला हात लावू नकोस. लावलास, तर तो जन्माचा मासा."

"तू त्याला खाल्ले कसे नाहीस?"

"शेवटचा मासा खाल्ला, तर मी खंड्या कशाचा?"

मंदारमालेने धुराडे चिखलाने लिंपले. धूर उलटला, भट्टी विझली आणि आतला कालधूम आपल्याच धुरात राख झाला.

चुना कुठला आणावा? दरवर्षी अख्खे राज्य राजवाड्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा हात फिरवी. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो थर विटेएवढा जाड होता. तिने खरवडायला घेतला.

"पोरी, वाडा उघडा पडेल! आणि तळे तर आरशासारखे आहे."

"आरशात कोणी जगत नाही, बाबा. आत तुमचा लेक मरतो आहे."

राजाचे तोंड उतरले. त्याने खुरपे उचलले.

चुना पाण्यात गेला. पाणी पांढरे झाले, निवळले, पण हिरवे होईना. मासा वर येऊन तोंड उघडू लागला, मग कुशीवर कलला. शेजारीच गोड्या पाण्याची घागर होती. राजकन्येचे हात पुढे झाले. तिने पदराने स्वतःचे हात बांधून घेतले आणि ती तिथेच रडत बसली.

एका सकाळी दगडावर शेवाळाची बारीक रेघ दिसली. तिच्यावर एक गोगलगाय आली. पाणी हिरवे होत गेले. कुठूनसा बेडूक ओरडला, आणि त्या पाण्यातून शशिकेत खोकत वर आला.

"ताई, पाणी किती गढूळ झाले आहे!"

"होऊ दे रे," ती म्हणाली, आणि दातांनी पदराची गाठ सोडू लागली.

पुढे दरवर्षीचा चुना तळ्याला जाऊ लागला. राजवाडा उघड्या विटांचाच राहिला. खंड्याचे पोट भरले, तसे ऐकणाऱ्यांचेही भरो.