शेपटाचा पंच

एका गावात एक पाट होता. पाणी थोडं आन् पिणारी रानं पुष्कळ. म्हणून पाच पंच असायचे. कोणाच्या रानात पाणी कधी सोडायचं, ते हे पाच जण ठरवायचे. त्यातला एक पाटाच्या शेपटाकडचाच पाहिजे, अशी रीत. शेपटाला पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, तेव्हा तिकडचं एक तोंड पंचात असावं, एवढी अक्कल जुन्या लोकांना होती.

निवडायची तऱ्हा पण गमतीची. बांधावर सगळं गाव जमायचं. पंच व्हायला जे उभे, ते पुढं बसायचे. ज्याला जो पसंत, त्यानं त्याच्या पाठीमागं जाऊन बसायचं. कधी नवरा एकाच्या मागं आन् बायको दुसऱ्याच्या. मग घरी जाऊन भांडी आपटायची. पण जे काय व्हायचं ते सगळ्यांसमोर.

एकदा पौषात शेपटाकडचा पंच भिका आप्पा वारला. शेपटाच्या लोकांनी ठरवलं, आता सोनकोरबाईला बसवायचं. बाई एकटी, पण खमकी. नुकतीच मिरची लावलेली, त्यावरच तिचं वरीस. पाण्यासाठी ती कोणाशीही भांडली असती.

थोरले पंच कौतिकराव. त्यांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, "एका जागेसाठी सगळं गाव कशाला उन्हात बसवायचं? आम्ही चौघं बसून उरकतो."

पौषातलं ऊन बरं का. म्हातारी माणसं ज्यात मुद्दाम जाऊन बसतात, ते ऊन.

चौघं कौतिकरावांच्या खळ्यातल्या खोलीत बसले. आतनं कडी. सोनकोरबाईनं दार वाजवलं.

"दादा, आत काय चाललंय?"

"तुमच्याच भल्याचं," कौतिकराव आतनं बोलले.

"मग कडी कशाला?"

"माश्या येतात."

"मी काय माशी हाय? मला तरी घ्या."

आत हसण्याचा आवाज झाला. कडी काय निघाली नाय.

घटकाभरानं चौघांचे पाच होऊन बाहेर आले. पाचवा कौतिकरावांचा मेहुणा, प्रल्हादराव. तो मागच्या दारानं आधीच आत जाऊन बसलेला. गळ्यातला हार पण आदल्या दिवशीचा, फुलं कोमेजलेली. शेपटाला त्याचं रान सोडा, शेळीसुद्धा नव्हती.

सोनकोरबाईनं विचारलं, "आत कोण काय बोललं? दुसरं कोणाचं नाव तरी निघालं का?"

"घरातलं बोलणं बाहेर सांगतात का, बाई?" कौतिकराव म्हणाले.

"पाट काय तुमच्या घरातनं जातो?"

तिनं मागं वळून आपल्या लोकांकडं बघितलं. तेवढ्यात बुंदीची परात आली. शेपटाचा सुपडू, जो काल तिच्या बाजूनं सगळ्यात जास्त गर्जत होता, त्यानंच आधी ओंजळ पुढं केली.

"वैनी, झालं ते झालं. तोंड गोड करा."

सगळ्या शेपटानं बुंदी खाल्ली. कोणी कोणी दोनदा. सोनकोरबाई तशीच घरी गेली. तिच्या वाटची पण सुपडूनं खाल्ली.

उन्हाळ्यात पाटाचं पाणी निम्म्यावर आलं. पंच परत आत बसले, आन् शेपटाचं पाणी बंद झालं. सोनकोरबाईनं लांबच्या विहिरीवरनं घागरी वाहिल्या. पण घागरीनं रान भिजतं होय? मिरच्या बोटाएवढ्या व्हायच्या आधीच उभ्या वाळल्या.

सुपडूचा मका पण करपला. तेव्हा त्याला कंठ फुटला. सगळं शेपूट घेऊन तो प्रल्हादरावाच्या ओट्यावर गेला. "तुम्ही आमचे पंच. आमच्यासाठी बोला की."

प्रल्हादराव दात कोरत बसला होता. माणूस खोटं बोलणारा नव्हता. "मी तुमचा कसा?" तो म्हणाला. "मला तुम्ही कुठं निवडलं? ज्यांनी निवडलं त्यांच्या उसात पाणी चाललंय. जाऊन बघा."

"पण आम्ही नाय म्हटलं नव्हतं," सुपडू म्हणाला.

"हो तरी कधी म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी सोनकोरबाईनं वाळक्या मिरच्यांसकट झाडं उपटली आन् चुलीत घातली. सगळं शेपूट ठसकत, डोळे पुसत बसलं. तिला जाब विचारायला मात्र कोणी आलं नाय.

तात्पर्य: दार लावून निवडलेला माणूस दार लावणाऱ्यांचाच असतो, आन् निवडीच्या वेळी जे तोंड बुंदी खाण्यात गुंतलं, त्या तोंडानं पुढं पाणी मागू नये.