तानाईची पाकळी

चपला खाली काढा. आणि फोटो नंतर काढा, आधी नीट बघा. देवाच्या छातीवर मधोमध ती ओली पाकळी चिकटवलेली दिसते का? तो कौल नाही. कौल सकाळीच संपले. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही, हे तुमच्याकडंही असेल. पण सगळ्यांचं विचारून झाल्यावर आमचा गुरव ही एक शेवटची लावतो, आणि हिच्यावर कुणी काही विचारत नाही. हिला तानाईची पाकळी म्हणतात. का, ते मी जसं ऐकलं तसं सांगतो. मधे बोलू नका.

खाली खाडी दिसते ना, तिथं पूर्वी वासू तरीवाला माणसं पल्याड सोडायचा. तानाई त्याची बायको. एकुलती पोर, चंद्री. एका पावसाळ्याच्या शेवटी पोर तापानं फणफणली. वैद्य पल्याडच्या गावात. होडी दारात बांधलेली. दुसरा कुणी असता तर पोर उचलून निघाला असता. पण आमच्या गावात कौलाशिवाय कुणी घराचं छप्परसुद्धा शाकारत नव्हतं. वासू म्हणाला, "होडी माझी, हात माझे. यात विचारायचं काय?"

तानाई म्हणाली, "आजवर विचारल्याबिगर काय केलंस? आता पोरीच्याच वेळी देवाला बाजूला सारू?"

गुरवानं पाकळी लावली. पोरीला पल्याड न्यावी का? पाकळी डावी पडली. नेऊ नका.

नेली नाही. अंगारा लावला, काढा पाजला, उशाशी बसून राहिली दोघं. पोर गेली.

देवाचं ऐकलं आणि पोर गेली. आता याचं काय करायचं? गावातली शहाणी माणसं समजूत घालायला आली. म्हणाली, "अगं, होडी उलटली असती. तुम्ही तिघंही गेला असता. देवानं दोघांना तरी राखलं."

तानाई त्यांच्यावर उसळली म्हणे. "खाडीला त्या दिवशी साधी लाट नव्हती. मी दारातच होते. मला शिकवू नका."

वासूनं देवळात पाऊल टाकायचं सोडलं. तानाईलाही तो म्हणाला, "पुन्हा त्या दगडापुढं गेलीस तर माझ्या घरात येऊ नको."

सुतक फिटलं आणि ती गेलीच. वासू शिव्या देत मागून आला, पण पायरीवरच बसला. आत गुरव तिला बघून घाबरला. म्हणाला, "तानाबाय, माझा दोष नाय गं. मी फक्त लावतो."

"लाव आणि एक."

"काय विचारू?"

"काय नको. नुसती लाव."

"उजवी पडली तर?"

"पडू दे."

"डावी पडली तर?"

"ती पण त्याचीच."

बाहेरून वासू ओरडला, "पोर खाल्ली त्यानं! अजून काय द्यायचंय त्याला?"

तानाई वळली नाही. म्हणाली, "मग मी कुठं जाऊ? दुसरा कोण आहे का? दाखव, तिथं जाते."

 वासू पायरीवरच रडला, असं सांगतात. ती पाकळी कधी पडली, कुठल्या बाजूला पडली, कुणी बघितलंच नाही. तानाईनं डोळे मिटले होते, आणि तिला बघून गुरवानंही मिटले.

आता तुम्ही विचारणार, देवानं डावी का दिली. शहरातून येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. मला ठाऊक नाही. माझ्या बापाला ठाऊक नव्हतं. या गुरवाला तर मुळीच नाही. ज्याला ठाऊक आहे तो हा समोर बसलाय, आणि तो बोलत नाही. तानाई मात्र म्हातारी होऊन मरेपर्यंत रोज येत होती. तिला काही कळलं म्हणून नव्हे. न कळताच.

आजही ही पाकळी लागली की आतली गावची सगळी माणसं डोळे मिटून बसतात. आणि वासूच्या भावकीतल्या तरीवाल्यांचा कर्ता पुरुष आत येत नाही. तो बाहेर पायरीवर बसतो, देवाकडं पाठ करून. त्याला कुणी आत बोलावत नाही, कुणी उठवतही नाही. पण पाकळी पडेपर्यंत तोही घरी जात नाही.