कोपऱ्यातली घोंगडी

वैशाखातली दुपार, तिसरा प्रहर. गोदावरीकाठच्या कोविदार नगरात दक्षिण वेशीपाशी दवंडी पिटली गेली. सूर्य मावळण्याच्या आत प्रत्येक कुत्रे नदीतल्या बेटावर नेऊन सोडायचे. घरात जे सापडेल ते घरातच मारले जाईल.

त्या वेळी तिथे सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता आणि बोधिसत्त्वाने कुत्र्याच्या योनीत जन्म घेतला होता. केस करडे म्हणून त्याला करड्या म्हणत. घोंगड्या विणणाऱ्या वेण्हूच्या घरी तो लहानाचा मोठा झाला. मागच्या थंडीत वेण्हू वारला. घरात त्याची म्हातारी बायको नागुली आणि करड्या, एवढेच जीव उरले.

दवंडीचे कारण पिसवा होत्या. आधी राणीच्या पायांवर चट्टे उठले, मग दासींच्या, मग खुद्द राजाच्या. राजाने अमात्य भद्रजिताला उपाय विचारला. भद्रजिताने महालातली एक सतरंजी उचलून पाहिली नाही, फरशीची एक फट पाहिली नाही. "पिसवा कुत्र्यावर असतात, हे शेंबडं पोरही सांगेल," असे तो म्हणाला, आणि उत्तर मिळाले म्हणून सभा निर्धास्त झाली. महालात कुत्र्याला कधी शिरूच देत नव्हते. हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. बोलले कोणीच नाही.

त्या नगरात एक चाल होती. दर अमावास्येला घरोघरची अंथरुणे नदीच्या वाळूत उन्हाला पसरायची, घर झाडायचे, जमीन शेणाने सारवायची. मात्र घरात कोणी वारले, तर त्याची निजण्याची जागा वर्षभर हलवायची नाही. तिथले अंथरूण झटकायचे नाही, तिथे केरसुणी फिरवायची नाही. गेलेला माणूस फिरून आलाच, तर त्याला आपली जागा सापडावी, असे जुनी माणसे सांगत. म्हणून वेण्हूची घोंगडी कोपऱ्यात होती तशीच होती. करड्या तिच्यावर निजे. नागुली त्या कोपऱ्याकडे तोंड करून जेवायला बसे.

दवंडी पुढच्या आळीत गेली तशी शेजारीण सातकी कुंपणापाशी आली.

"अगं नागुले, बसलीस काय? त्या कुत्र्यापायी अख्ख्या आळीला खाजवायला लावलंस. नवरा गेला तर आता पिसवांचा संसार मांडलायस होय?"

"संसार कसला? सोबत आहे ती."

"सोबत हवी तर माणसाची धरावी."

"माणूस येतंय कुठं माझ्याकडं? तूसुद्धा कुंपणापलीकडूनच बोलतेस."

तेवढ्यात हाटक नावाचा शिपाई काठी आपटत दारात उभा राहिला. "आजी, तू नेतेस का मी नेऊ? मी नेलं तर नदीपर्यंत पोचायचं नाही ते."

नागुलीने दोरी घेतली. उन्हाळ्याने नदी उताराशी गुडघ्याएवढीच होती. तिने करड्याला बेटावर नेले, गळ्यातली दोरी सोडली आणि म्हणाली, "बस." तो बसला. ती पाण्यातून परत गेली, एकदाही मागे वळली नाही. वळली असती तर तो उठला असता, हे दोघांनाही माहीत होते.

बेटावर नगरातली सगळी कुत्री होती. काही किनाऱ्याने धावत होती, काही आपल्या घराच्या दिशेला तोंड करून भुंकत होती. उतारावर पहारेकरी बसले होते, पाण्यात पाय घालणाऱ्या कुत्र्याला ते दगड मारत. हळूहळू भुंकणे थांबले. कुत्री पाण्याच्या कडेला बसून राहिली, कोणी तरी हाक मारील म्हणून.

बेटावर एक मेंढपाळ उन्हाळ्यापुरता मेंढरे घेऊन आला होता. त्याने बोधिसत्त्वाला ताकात कुस्करलेली भाकरी घातली. "माझ्याजवळ राहतोस का रे? बाकीची उगाच ऊर फोडतायत. तू शहाणा दिसतोस. पाऊस लागला की मेंढरांबरोबर डोंगराकडं जाऊ, तिकडं तुला कोण विचारणार नाही."

पोटाला भाकरी, पाठीवर हात आणि जिवाला धोका नाही, असे सगळे तिथे होते. बोधिसत्त्व काही दिवस मेंढरांजवळ राहिला. पण रोज सकाळी तो पाणवठ्यासमोर जाऊन उभा राही. नागुली पाण्याला येई. सुरुवातीला ती घागर भरून लगेच जाई. मग ती पाय पाण्यात सोडून बसू लागली. तिच्या पिंढऱ्या खाजवून सोलल्या होत्या. इतर बाया तिच्यापासून लांब, वरच्या अंगाला घागरी भरत.

बोधिसत्त्वाने आपल्या अंगाकडे पाहिले. वाळूत लोळून, नदीत डुंबून त्याच्या अंगावर आता एखादीच पिसू उरली असेल. मग नागुलीला खाणाऱ्या पिसवा कुठल्या? त्याच्या ध्यानात आले. पिसवा त्याच्याबरोबर आल्याच नव्हत्या. त्यांची अंडी त्याच्या केसांतून गळून घोंगडीत पडली होती, त्यांच्या अळ्या तिथल्या धुळीत वाढल्या होत्या. तो तिथे निजत होता तोवर त्यांना रक्त त्याचे मिळत होते. आता त्या घरात रक्त एकाच देहात होते.

भर दुपारी पहारेकरी करंजाच्या सावलीत पेंगत असताना तो खालच्या डोहातून पोहत निघाला. पकडला गेला तर काठी डोक्यातच बसणार, हे त्याला माहीत होते. बाकीची कुत्री उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

नागुली अंगणात बसली होती. घरात तिला बसवत नव्हते. ओला करड्या समोर दिसला तशी ती कडाडली, "मेल्या, मरायला आलास का? तिथं जगला असतास की रे!" आणि तिने त्याला कवटाळले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाला माणसाची वाणी होती. ती त्याने आजवर वापरली नव्हती, कारण त्या घरात तिची गरज पडली नव्हती. तो म्हणाला, "आई, मी गेलो, पिसवा गेल्या का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"त्या घोंगडीत आहेत. ती उन्हात काढ."

"त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. वर्ष भरायचंय. तो आला आणि जागा सापडली नाही, तर?"

"तो तिथं नाही, आई. तो गेला त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मीच तिथं शोधलं. काही दिवस त्याचा वास होता, म्हणून मी तिथं निजत होतो. आता तिथं वास आहे तो माझाच."

नागुली आत गेली आणि तिने घोंगडी उचलली. खाली मिऱ्याच्या भुकटीसारखी काळी घाण होती, त्यात पांढुरके दाणे होते आणि केसाएवढ्या अळ्या वळवळत होत्या. तिने घोंगडी उकळत्या पाण्यात बुडवली, मग अंगणात कडक उन्हात टाकली. कोपरा झाडला, केर लांब नेऊन जाळला. फटी लिंपल्या, जमीन सारवली. करड्याच्या अंगाला करंजाचे तेल चोळून त्याला रिठ्याने धुतले आणि वेण्हूच्या लोकर विंचरायच्या फणीने विंचरले. फणीत आलेली एकेक पिसू ती गरम पाण्यात टाकत होती.

दोन दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या. नागुलीने केरसुणी फेकली. "फुकट गेलं सगळं."

"फुकट नाही. काही अजून कोशात आहेत, आई. त्या पावलांची वाट बघतात. पाऊल वाजलं, ऊब लागली, की बाहेर येतात. रोज झाडावं लागेल."

ती रोज झाडू लागली. चट्टे सुकत चालले. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून ती अजून जेवत होती, पण आता तिथे बघण्यासारखे काही नव्हते.

एका सकाळी हाटक आला आणि त्याने करड्याला पाहिले. नागुलीने कुत्र्याला पोटाशी धरले, म्हणून त्याला काठी चालवता येईना. त्याने दोघांनाही सभेत नेले.

"हुकूम मोडला आहे," भद्रजित म्हणाला. "अशी लपवलेली कुत्री आहेत म्हणूनच पिसवा हटत नाहीत, महाराज."

"हिचे पाय बघा," बोधिसत्त्व म्हणाला. "कुत्रे हिच्या घरात आहे आणि पाय सुकलेले आहेत. आता आपले पाय बघा."

सभा चपापली. राजाने खाजवणारा हात मागे घेतला.

"महाराज, आपल्या महालात अशी जागा आहे का, जिथली अंथरुणे कुणी झटकलेली नाहीत?"

राजा सावकाश म्हणाला, "आईची खोली. वर्ष पुरं व्हायचंय. एक दासी सांजेला दिवा लावून येते, तेवढंच."

"राजमातेपाशी कोणी निजत असे?"

"मांजर. आई गेल्यावर ते माळ्याकडं दिलं."

"पायांना पांढरे कापड गुंडाळून त्या खोलीत एकदा फिरून या."

भद्रजित म्हणाला, "महाराज, कुत्र्याच्या सांगण्यावरून राजमातेची खोली विटाळायची?"

राजाने कापड मागवले आणि तो एकटाच आत गेला. बाहेर आला तेव्हा गुडघ्यापर्यंतचे पांढरे कापड काळ्या ठिपक्यांनी भरले होते, आणि ठिपके उड्या मारत होते. त्याच दिवशी राजमातेची गादी उन्हात निघाली. ती काढताना राजा रडला. त्याच्या जवळ जायला कोणी धजले नाही. नागुली तेवढी गेली.

ती दोघे निघताना राजा करड्याला म्हणाला, "माग, काय हवं ते."

"बेटावरची कुत्री परत बोलवा."

राजाने भद्रजिताकडे पाहिले. भद्रजित हात जोडून म्हणाला, "होईल, महाराज."

विहारातल्या भिक्षूंना ही पूर्वजन्मीची हकीकत सांगून झाल्यावर त्यांच्या गुरूंनी, शास्त्यांनी, तिची आजच्या माणसांशी सांगड घातली. तेव्हाची नागुली म्हणजे मुलगा गेल्यापासून विहाराच्या दाराशी अबोल बसणारी उपासिका. तेव्हाचा राजा सुयाम म्हणजे पिसवा झाल्या म्हणून आज सकाळी विहारातले मांजर पोत्यात भरणारा भिक्षू. करड्या स्वतः शास्ते होते. दुसऱ्याच्या दुःखासाठी आपला जीव पणाला लावणे आणि ते दुःख कुठून येते हे नीट पाहणे, या गुणाला त्यांनी डोळस करुणा म्हटले.

एका भिक्षूने विचारले, "भन्ते, आणि अमात्य भद्रजित आज कोण आहे?"

शास्त्यांनी हकीकतीचा राहिलेला शेवट सांगितला.

हुकूम मागे घेतल्याची दवंडी भद्रजिताने कोविदार नगरात कधी पिटवलीच नाही. उतारावरचा पहाराही उठला नाही. मेंढपाळ मेंढरे घेऊन डोंगराकडे निघून गेला. आषाढात गोदावरीला पूर आला आणि बेट पाण्याखाली गेले, तेव्हा कुत्री तिथेच, कडेला बसलेली होती.