समोरचा सुतार

फार वर्षांपूर्वी, कुडवळीच्या घाटात डांबर पडायच्या कितीतरी आधी, घाटाच्या पायथ्याशी केरोबा नावाचा सुतार राहायचा. देशावरून धान्य आणि गूळ खाली उतरायचा, खालून मीठ आणि सुकी मासळी वर चढायची, आणि हे सगळं बैलगाडीनं. गाडीला चाक हवं, आणि चाक करायचं तर ते केरोबानंच. देशमुखांनी त्याच्या आजोबाला तांब्याच्या पत्र्यावर सनद कोरून दिली होती, की या घाटात दुसऱ्या सुतारानं दुकान मांडायचं नाही.

केरोबा वाईट नव्हता बरं का. देवभोळा होता, दारी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नसे. पण त्याची चाकं आजोबाच्या वेळी होती तशीच होती, आणि घाट उतरताना मोडायची. मोडली की गाडीवान जाणार कुठं? केरोबाकडेच. मग त्यानं डोकं कशाला शिणवायचं? घाटातल्या नागवळणावरून दरीत इतक्या गाड्या गेल्या, की बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की वर घारी जमायच्या, असं म्हणतात.

एका वर्षी हैबती नावाचा सुतार बायको आणि हत्यारं घेऊन आला आणि केरोबाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, चिंचेखाली बसला. केरोबाला हसू आलं. आजोबाच्या सनदेपुढे हा चार दिवससुद्धा टिकायचा नाही, असं म्हणून त्यानं सनद पेटीतून बाहेरही काढली नाही. हैबतीनं मात्र चाकाला लोखंडाची धाव चढवली. लोखंडाचं कडं लाल होईस्तोवर तापवायचं, चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं, की ते आवळून बसतं. गाडीवान त्याच्याकडे वळले.

केरोबाची झोप उडाली. आयुष्यात पहिल्यांदा तो चाकाकडे बघत बसला. बघता बघता त्यानं एक लाकडी ठोकळा केला. गाडीवानानं दोरी ओढली की ठोकळा चाकावर दाबून बसायचा आणि उतारावर गाडी आवरायची. आठ दिवसांत हैबतीनं तसाच ठोकळा केला आणि वर त्याला चामडं लावलं. मग केरोबा लाकूड पावसाळाभर डोहात भिजवून पुढे उन्हाळाभर वाळवायला लागला, म्हणजे चाकाला तडा जात नाही. तर हैबतीही तेच करायला लागला. केरोबाची बायको म्हणायची, लग्न माझ्याशी केलं आणि जेवतात त्या हैबतीकडे बघत. त्या वर्षांत दरीत एकही गाडी गेली नाही. घारी उपाशी राहिल्या आणि दुसरा डोंगर शोधायला गेल्या, असं म्हणतात.

आता इतकं चांगलं चाललेलं माणसाला सोसतं का? नाही सोसत. एका जत्रेत गाडीवानांनी हैबतीच्या चाकाला हार घातला, आणि केरोबाला ते बघवलं नाही. तो सनद घेऊन देशमुखांच्या सदरेवर गेला. देशमुखांनी पत्रा वाचला, आजोबाचं नाव काढलं आणि हैबतीला चिंचेखालून उठवलं. हैबती भांडला नाही. हत्यारं बांधून निघाला आणि केरोबाच्या दारापाशी थांबला.

"केरूदादा, लाकूड वाळवत जा," एवढंच म्हणाला, आणि घाट चढून दिसेनासा झाला.

पहिलं वर्षभर केरोबानं लाकूड वाळवलं. दुसऱ्या वर्षी थोडं कमी. मग गिऱ्हाईक दारात उभं आणि लाकूड ओलं, असं झालं की तो ओलंच घ्यायचा. समोर चिंचेखाली बघणारं कुणी नव्हतं. चाकं पुन्हा मोडायला लागली. घारीही परत आल्या.

केरोबाची एकुलती लेक सगुणा वर देशावर दिली होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला निघाली. गाडी तिचा नवरा रावजी हाकत होता. त्या गाडीचं एक चाक सासऱ्यानं, म्हणजे केरोबानंच, नुकतंच करून दिलेलं होतं, आणि दुसरं जुनं होतं, हैबतीच्या हातचं. केरोबा पायथ्याशी वाट बघत उभा होता. वर त्याला लाकूड फाटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ लेकीची हाक. म्हातारा धावत सुटला.

नागवळणावर पोचला तर रस्त्यात चाकाचे तुकडे पडलेले. त्यानं एक तुकडा उचलला. आत लाकूड ओलसर होतं, आणि तुकड्यावर त्याचीच खूण होती. माझ्या हातानं मी माझी लेक मारली, असं म्हणून तो खाली बसला.

तेवढ्यात रावजीनं हाक मारली. गाडी दरीच्या काठावर कलंडली होती, पण पडली नव्हती. हैबतीचं बाभळीचं चाक खडकाच्या खाचेत रुतलं होतं आणि त्यानं माणसं, बैल, सगळं पेलून धरलं होतं. त्याच्या आऱ्यांना तिथल्या तिथं मुळं फुटली आणि त्यांनी खडक घट्ट आवळला, असं म्हणतात. वाळलेल्या लाकडाला मुळं फुटतात का, ते मला विचारू नका. नागवळणावर खडकातून उगवलेली बाभूळ आहे, ती जाऊन बघा. सगुणेला खाली काढलं, आणि त्याच जागी, रस्त्याच्या कडेला, ती बाळंत झाली. मुलगा झाला आणि असा रडला की घारी उडून गेल्या. केरोबा एकाच वेळी हसत होता आणि रडत होता, आणि कितीतरी वेळ त्याला दुसरं काही करताच येईना.

बाराव्या दिवशी बारसं उरकून तो हैबतीला शोधायला निघाला. एका नदीकाठच्या गावात हैबती नांगर करत बसला होता. केरोबा त्याच्यासमोर मातीतच बसला.

"तू गेलास आन् माझा हात झोपला," तो म्हणाला. "माघारी चल. समोर बस."

"आन् सनद, दादा?"

"तांबटाकडं नेली. तपेली केली तिची. नातवाच्या अंघोळीचं पाणी तापतंय तिच्यात."

हैबतीनं रंधा खाली ठेवला. नाव काय ठेवलं नातवाचं, असं त्यानं विचारलं. केरोबा जरा घुटमळला आणि म्हणाला, हैबती.

दोघं बरोबरच घाट उतरले. त्या दिवसापासून कुडवळीत नव्या गाडीला एक चाक या दारचं आणि एक त्या दारचं लावायची रीत पडली, म्हणजे कुणाचं आधी झिजतं ते घाटच सांगेल. मरेपर्यंत दोघं एकमेकांवर कुरघोडी करत राहिले, आणि दोघांनाही त्याआधी कधी इतकी शांत झोप लागली नव्हती, असं म्हणतात.

आता बैलगाड्या गेल्या. घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या अल्याड-पल्याड, दोन गॅरेजं आहेत. मागे त्यातलं एक बंद पडलं, तेव्हा दुसऱ्याचा मालक आपलं शटर ओढून स्वतः घाट चढून गेला आणि समोर बसायला एका मेकॅनिकला घेऊन आला. गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. खंडेनवमीला सगळीकडे लोक आपापल्या हत्यारांची पूजा करतात. कुडवळीत आधी रस्ता ओलांडून समोरच्याच्या हत्यारांना हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, आणि समोरच्याला म्हणतात, "समोरच राहा रे बाबा."